कॉलरची पकड

जे. पी. नगरमध्ये नरसिंहच्या हार्डवेअरच्या दुकानावर एक लांबट हॉल होता. पूर्वी तिथे टाइल्सचे खोके रचलेले असायचे. अमृता मुधोळकरने तो भाड्याने घेतला, घासूनपुसून काढला, जमिनीवर निळ्या मॅट अंथरल्या आणि जिन्याशी पाटी लावली : कुडो.

सुरुवातीला बरेच जण नुसते पाटी वाचून वर यायचे. हे कराटे आहे का, ज्युदो आहे का, की टीव्हीवर पिंजऱ्यात मारामारी दाखवतात ते? अमृता न कंटाळता प्रत्येकाला सांगायची. कराटेसारखे ठोसे आणि लाथा यात आहेत, ज्युदोसारखं जाकिटाला धरून पाडणंही आहे, आणि पाडल्यावर जमिनीवर हात अडकवणं, गळा आवळणं आहे. चाळीसएक वर्षांपूर्वी जपानमध्ये हे सुरू झालं, कारण मारणारे वेगळे आणि धरणारे वेगळे असं खऱ्या झटापटीत कधीच नसतं. डोक्याला हेल्मेट, चेहऱ्यापुढे जाड पारदर्शक काच, अंगात जाड सुती जाकीट. नाक फुटत नाही, दात पडत नाहीत. एवढं ऐकल्यावर निम्मे लोक जिना उतरून जायचे आणि उरलेले चपला काढायचे.

ती एकोणचाळीस वर्षांची होती. तरुणपणी राज्याकडून ज्युदो खेळली होती. मग गुडघा गेला आणि खेळ सुटला. एका सरकारी संशोधन संस्थेत ती तांत्रिक अधिकारी होती. लग्न केलं नव्हतं. मल्लेश्वरमच्या जुन्या घरात ती आणि तिचे वडील पुरुषोत्तम, दोघंच राहायची. मुंबईच्या एका शिबिरात तिने कुडो पहिल्यांदा पाहिलं आणि मेलेलं काहीतरी तिच्या अंगात पुन्हा हललं. पुढची पाच-सहा वर्षं सुट्ट्या जमवून ती शिकत राहिली. आपल्या शहरात हा खेळ आपण आणायचा, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

पुरुषोत्तम कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. मुलीच्या कुठल्याच गोष्टीला त्यांनी कधी नाही म्हटलं नव्हतं. फक्त एकदा कॉफी पिता पिता म्हणाले, पाडतेस ते सरी, ठीक आहे, पण गळा आवळायला कशाला शिकवायचं? अमृता म्हणाली, ज्युदोतही होतं, अण्णा, तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवायचात. ते हसले आणि विषय तिथेच राहिला.

पहिल्या दिवशी ती कुणाला ठोसा शिकवायची नाही. आधी शिकवायची ती थाप. गळा किंवा हात अडकला, सहन होईनासं झालं, की समोरच्याच्या अंगावर तळहाताने दोनदा थापटायचं. मुलं त्याला टॅप म्हणायची. आणि टॅप झाला, की ज्याने पकडलंय त्याने त्याच क्षणी सोडायचं. विचार करून नव्हे, चटका बसल्यावर हात सुटतो तसं. समोरचा सोडणार, ही खात्री आहे म्हणूनच आपण आपला गळा दुसऱ्याच्या हातात देतो, असं ती सांगायची. बाकी सगळं चुकलं तरी चालेल.

क्षितिज आला तेव्हा क्लासला वर्ष होत आलं होतं. पुण्याचा मुलगा, तिशी नुकतीच ओलांडलेला, एचएसआर लेआउटमधल्या एका स्टार्टअपमध्ये नोकरी. अंगाने सडपातळ, पण पाय घट्ट. एकदा दाखवलेलं त्याला दुसऱ्यांदा दाखवावं लागायचं नाही. सहा महिन्यांत तो क्लास सुरू झाल्यापासून शिकणाऱ्यांना पाडू लागला. जाकिटाच्या कॉलरमध्ये दोन्ही हात आडवे घालून गळा आवळायची एक पकड आहे. मनगटं नेमकी कुठे वळवायची हे कळायला अमृताला स्वतःला दोन वर्षं लागली होती. क्षितिजला ते महिन्यात जमलं.

आणि वागायला तर इतका चांगला, की बाकीच्यांना त्याचं उदाहरण द्यावं. वेळेआधी यायचा, मॅट पुसायचा, नवीन मुलींशी सराव करताना नजर खाली ठेवून विचारायचा, “जास्त प्रेशर नाही ना येत?” अमृताला ताई म्हणायचा, आणि मॅटवर येताना-जाताना वाकून नमस्कार करायचा तो देखावा वाटायचा नाही. नव्यांना टॅप शिकवण्याचं काम तिने हळूहळू त्याच्यावर सोपवलं. आपल्यानंतर हा क्लास चालवणारा कुणीतरी सापडला, असं तिने एकदा अण्णांना बोलूनही दाखवलं.

चैत्रातल्या एका रविवारी मल्लेश्वरममध्ये मराठी मंडळींचं स्नेहसंमेलन होतं. गाणी झाल्यावर वीस मिनिटं अमृताला मिळाली होती. तिने माइकवरून खेळाची ओळख करून दिली आणि क्षितिजने एका मुलाबरोबर प्रात्यक्षिक केलं. ठोसा, लाथ, कंबरेवरून फेक, आणि शेवटी कॉलरची पकड. मुलाने थापटलं, क्षितिजने सोडलं, त्याला हात देऊन उठवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतल्या आजोबांनी वन्स मोअर दिला.

जेवणाच्या वेळी क्षितिजने आपल्या बायकोची ओळख करून दिली. मुग्धा मूळची नागपूरची, घरून सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करायची. गव्हाळ रंग, हसरे दात. त्या उकाड्यातही तिने ओढणी गळ्याभोवती दोन वेढे देऊन घेतली होती. ती फार बोलली नाही. क्षितिज बोलत होता आणि ती त्याचं वाक्य संपायची वाट पाहत होती.

थोड्या वेळाने दोघी हात धुवायला एकदमच नळाशी आल्या. मुग्धा वाकली, ओढणी पुढे घसरली, आणि अमृताला तिचा गळा दिसला.

जबड्याखाली दोन्ही बाजूंना तिरके वळ होते, दोरीने पडतात तसे आडवे नव्हेत. कानाखालून निघून खाली गळ्याच्या खळीकडे येणारे, आणि त्यावर कापडाने घासल्यासारखी खरबरीत लाली. मुग्धाने दचकून वर पाहिलं तेव्हा तिच्या पापण्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसले. अमृताने हे वळ स्वतःच्या गळ्यावर कितीदा आरशात पाहिले होते. ते कशाने पडतात आणि ठिपके यायला किती वेळ धरून ठेवावं लागतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

तिने हळूच विचारलं, हे काय झालं? मुग्धा म्हणाली, खोट्या दागिन्यांची अ‍ॅलर्जी. ओढणी सारखी करून ती निघून गेली.

ते दोन-चार दिवस अमृताचे वाईट गेले. मुग्धाचा नंबर मिळवून तिने फोन केले. उचलले गेले नाहीत. कदाचित दोघं घरी गमतीत सराव करत असतील, असं तिने स्वतःला समजावून पाहिलं. पण गमतीत पापण्यांवर ठिपके येत नाहीत. रात्री तिला राहून राहून क्षितिजचे हात दिसायचे, आणि ती मनगटं वळवणारे आपले हात.

गुरुवारी क्लास संपल्यावर क्षितिज नेहमीसारखा म्हणाला, ताई, एक राउंड? बाकीचे हेल्मेट काढून पाण्याच्या फिल्टरपाशी गेले होते. अमृताने मान हलवली.

ती मुद्दाम काही ठरवून उतरली नव्हती, असं तिने पुढे पोलिसांनाही सांगितलं आणि ते खरं होतं. त्याने ठोसा मारला, ती आत शिरली, कंबरेवर घेऊन त्याला पाडलं आणि त्याच्यावर बसून कॉलर धरली. मनगटं आपोआप वळली. काचेआड त्याचा चेहरा लाल झाला. त्याने तिच्या दंडावर दोनदा थापटलं. ते तिला कळलं. पुन्हा थापटलं. हात सुटायला हवे होते आणि सुटले नाहीत. किती वेळ ते तिला नंतर सांगता आलं नाही. तो वेळ फार नसावा, कारण तो बेशुद्ध पडला नाही. मग स्वतःच्याच हातांची भीती वाटून तिने पकड सोडली.

तो कुशीवर वळून खोकला. उठून बसला, हेल्मेट काढलं, डोळ्यांतलं पाणी पुसलं. ती अजून गुडघ्यांवरच होती.

“मुग्धाच्या गळ्यावर काय आहे?” तिने विचारलं.

त्याला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. “घरी प्रॅक्टिस करतो. तिला सांगितलंय, टॅप केलंस की सोडीन.”

“आणि सोडतोस?”

क्षितिजने गळ्यावरून हात फिरवला. “तुम्ही आत्ता सोडलंत का लगेच?”

आवाजात राग नव्हता. सरावात एखादी शंका विचारावी तसं त्याने विचारलं होतं. उद्यापासून इथे यायचं नाही, एवढंच अमृताला म्हणता आलं. त्याने जाकीट काढलं, तिने शिकवलं होतं तसं चौकोनी घडी करून पट्ट्याने बांधलं, मॅटच्या कडेला उभं राहून वाकून नमस्कार केला आणि जिना उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुग्धाचा फोन आला. ती दबक्या आवाजात, घाईघाईने बोलत होती. क्षितिजला क्लासमधून काढलं हे तिला कळलं होतं. अमृताने तिला बोलू दिलं नाही आधी. म्हणाली, आमच्याकडे मल्लेश्वरमला ये, खोली मोकळी आहे, माझे वडील आहेत, आत्ता मी गाडी घेऊन निघते. मुग्धा म्हणाली, आईचं हार्टचं ऑपरेशन नुकतंच झालंय, इतक्यात तिला काही कळायला नको, थोडे महिने जाऊ दे. फोन त्यासाठी केलेला नव्हता.

“ताई, त्याला परत घ्या ना क्लासला,” ती म्हणाली. “तुमच्याकडून आला की दमलेला असतो. ती संध्याकाळ बरी जाते.”

अमृता ऑफिसच्या व्हरांड्यात उभी होती. खाली माळी पाइपने झाडांना पाणी घालत होता. ज्याला आपण हे शिकवलं त्याला आणखी शिकवायचं, आणि तेही हिच्या संध्याकाळी बऱ्या जाव्यात म्हणून, हे तिच्या घशाखाली उतरेना. ती म्हणाली, मला ते जमणार नाही, मुग्धा. तू निघून ये. मुग्धा म्हणाली, बरं, बघते. फोन ठेवताना तिने थँक्यूही म्हटलं.

शनिवारी अमृता एचएसआर लेआउटला त्यांच्या सोसायटीत गेली. वॉचमनने इंटरकॉमवरून विचारलं. क्षितिजने फोन उचलला आणि घरी कुणी नाही म्हणून सांगितलं. घरात बसून घरी कुणी नाही म्हणणाऱ्या माणसाचं काय करायचं हे वॉचमनलाही कळेना. गेटवर तासभर उभी राहून ती परतली. महिलांच्या हेल्पलाइनवर तिने फोन केला; तिथल्या बाई चांगल्या होत्या, पण त्या म्हणाल्या, तिने स्वतः बोलायला हवं, तुम्ही तिला आमचा नंबर द्या. अमृताने तो मेसेज केला. मेसेज वाचला गेल्याची खूण दिसली, उत्तर आलं नाही.

मे महिन्यात एका सकाळी मुग्धा कॉम्प्युटरवर मीटिंगमध्ये बसली होती. बोलता बोलता तिचे शब्द एकमेकांत गेले. पलीकडच्यांना आधी वाटलं नेटवर्क गेलं. मग चित्र नीट दिसत असतानाच तिच्या ओठांचा एक कोपरा खाली ओघळला आणि उजव्या हातातला कप कीबोर्डवर पडला. पुण्यात बसलेल्या तिच्या सहकारी मुलीने आरडाओरड करून कुणाकुणाला फोन लावले, सोसायटीचा नंबर शोधला. शेजाऱ्यांनी कुलूपवाल्याला बोलावून दार उघडलं. ती खुर्चीतून घसरून खाली आली होती.

स्कॅनमध्ये दिसलं, की मानेतली डावीकडची मोठी रक्तवाहिनी आतून फाटली होती. त्या जागी रक्ताची गुठळी झाली आणि मेंदूत गेली. बत्तीस वर्षांच्या बाईला अर्धांगवायू. डॉक्टरांनी क्षितिजला विचारलं, मानेला कधी मार लागला होता का? तो म्हणाला, आम्ही दोघंही मार्शल आर्ट शिकतो, जे. पी. नगरला, तिथल्या मॅडम जरा जास्तच जोरात करतात. मागे मलाही त्यांनी टॅप केल्यावर सोडलं नाही, सगळ्यांनी पाहिलंय.

अमृताला हे पोलीस ठाण्यातून फोन आल्यावर समजलं. मुग्धाला काय झालंय तेही तेव्हाच. ती ऑफिसमधून उठली आणि कशी घरी पोहोचली ते तिला आठवलं नाही. पुरुषोत्तमांनी शर्ट बदलला आणि काही न विचारता तिच्याबरोबर रिक्षात बसले.

इन्स्पेक्टर पन्नाशीचा, शांत माणूस होता. कन्नडमधून म्हणाला, आधी मला हे सांगा, तुमचा हा खेळ म्हणजे नेमकं काय? कराटे का? अमृताने तोंड उघडलं आणि नेहमीची वाक्यं तिच्या तोंडातून येऊ लागली; ठोसे, लाथा, पाडणं. बोलता बोलता तिचा आवाज बसला. इन्स्पेक्टरने पाण्याचा ग्लास पुढे केला. मग म्हणाला, गळ्याचं दाखवा.

कुणाला दाखवणार? हवालदार एकमेकांकडे पाहू लागले. पुरुषोत्तम खुर्चीतून उठले, कॉलर सारखी केली आणि म्हणाले, “माझ्यावर दाखव.”

अमृताने वडिलांकडे पाहिलं. त्यांच्या गळ्याची कातडी सैल पडली होती, दाढी करताना राहिलेले दोन-तीन पांढरे केस होते. तिने मान हलवली. टेबलावरचा टॉवेल घेतला, स्वतःच्या गळ्याभोवती टाकला आणि आपल्याच हातांनी दाखवलं, मनगट कुठे येतं, कापड कुठे घासतं, वळ तिरका का पडतो. एक हवालदार खिडकीबाहेर पाहू लागला.

मग तिने सगळं सांगितलं. मुग्धा कधीही मॅटवर उतरली नव्हती, हे क्लासमधला कुणीही सांगेल. आपण वळ कधी पाहिले, क्षितिज काय म्हणाला, मुग्धाने फोनवर काय मागितलं. त्या गुरुवारी क्षितिजने थापटल्यावर आपण सोडलं नाही, तेही. इन्स्पेक्टर म्हणाला, मॅडम, हे लिहिलं तर त्याचा वकील तुम्हालाच पुढे करेल. लिहा, अमृता म्हणाली. एक गोष्ट गाळली, तर बाकीच्या कुणाला खऱ्या वाटतील?

क्षितिजला अटक झाली. तीन आठवड्यांनी जामीन मिळाला आणि तो पुण्याला आईवडिलांकडे गेला. त्याच्या वकिलाने अमृताचंच बोलणं तिच्यावर उलटवलं, जसं इन्स्पेक्टर म्हणाला होता तसंच. केस उभी राहील तेव्हा राहील. क्लासमधल्या मुलांच्या आईवडिलांनी एकेक करून मुलं काढून घेतली. कुणी भांडलं नाही. एक बाई तर मुलाचं जाकीट परत द्यायला आल्या तेव्हा रडल्या. नरसिंह जिन्यात उभा राहून म्हणाला, “अक्का, तुमची चूक नाही हे मला माहीत आहे. पण खाली दुकानात गिऱ्हाइकं विचारतात.” मॅट उचलल्यावर खालची फरशी बाकीच्या फरशीपेक्षा वेगळ्या रंगाची निघाली.

तुझं काही चुकलं नाही, असं पुरुषोत्तमांनी तिला कधी सांगितलं नाही, आणि चुकलं असंही नाही. ते सकाळी तिच्याआधी उठून कॉफी करू लागले, एवढंच.

जूनच्या अखेरीस मुग्धाला फिजिओथेरपीच्या एका छोट्या रुग्णालयात हलवल्याचं कळलं. अमृता तिथे गेली. खोलीत मुग्धाची आई होती. साठीची, ऑपरेशनने खंगलेली बाई, बोटांत जपमाळ. अमृताने नाव सांगताच त्यांची बोटं थांबली.

“तुम्हीच शिकवलं त्याला?”

“हो,” अमृता म्हणाली.

त्यांनी जपमाळ मुठीत घेतली. त्यांना काहीतरी बोलायचं असावं, बरंच काही. पण तेवढी ताकद नव्हती. शेवटी म्हणाल्या, आया आज आलेली नाही. हिला खुर्चीत बसवायचं आहे, आणि मला वजन उचलायची मनाई आहे. पुढच्या आठवड्यात नागपूरला नेतोय, तोवर रोज बसायची सवय व्हायला हवी म्हणतात.

मुग्धा पलंगाच्या कडेला, उशांच्या आधाराने बसली होती. केस बारीक कापले होते. उजवा हात मांडीवर दुसऱ्या कुणाचा तरी ठेवून दिल्यासारखा पडला होता. तिने अमृताला ओळखलं की नाही ते कळेना.

माणसाचं वजन कसं उचलायचं हे अमृताला कुणाहीपेक्षा चांगलं ठाऊक होतं. ती पलंगाच्या मागच्या बाजूने गेली आणि तिने मुग्धाच्या काखांखालून दोन्ही हात पुढे घातले.

मुग्धाचं सगळं अंग लाकडासारखं ताठ झालं. हनुवटी छातीत रुतली, खांदे वर गेले, आणि शाबूत असलेला डावा हात गळ्याशी आला. तोंडातून घोगरा आवाज निघाला. त्यात शब्द नव्हता.

अमृताने हात काढून घेतले. जागच्या जागी उभी राहिली. मग पलंगाला वळसा घालून ती पुढे आली, मुग्धाला तिचा चेहरा आणि दोन्ही तळवे दिसतील अशी जमिनीवर उकिडवी बसली. दुखऱ्या गुडघ्यातून कळ गेली. तिने ती जाऊ दिली. मुग्धाचा श्वास खाली येईपर्यंत ती तशीच थांबली. आई दारात उभी होती, मध्ये पडली नाही.

“मी इथून धरते,” अमृता म्हणाली. “पुढून. तू सांगशील तेव्हाच.”

मुग्धा तिच्या हातांकडे पाहत होती. पुष्कळ वेळाने डावा हात गळ्यावरून खाली आला आणि हवेत थोडा पुढे झाला. अमृताने तिच्या कंबरेला दोन्ही बाजूंनी धरलं, तिचे गुडघे आपल्या गुडघ्यांनी टेकवून धरले आणि तिला उभी केली. मुग्धाचं डोकं तिच्या खांद्यावर आलं. केसांना रुग्णालयाच्या साबणाचा वास होता. तशाच दोघी हळूहळू वळल्या आणि अमृताने तिला खुर्चीत बसवलं.

मुग्धा ओठ हलवत राहिली. पहिल्यांदा काही उमटलं नाही. दुसऱ्यांदा ती “खि” म्हणाली आणि तिथेच अडकली.

अमृताने उठून खिडकी उघडली.